उसना डबा

कौसाआत्या कुणाच्या घरी गेली आणि समोर पाण्याचा पेला आला, की आधी ती पेला फिरवून त्याच्यावर घातलेलं नाव वाचायची आणि मगच पाणी प्यायची. नाव त्या घरातलं असलं तर ठीक. नसलं तर पाणी पिऊन, तोंड पुसून, अगदी शांतपणे विचारायची, "हा पेला तर तुमच्या नंदेचा. कवा परत करणार?" घरच्या बाईची तारांबळ उडायची. चार वर्षं न बोलणाऱ्या नणंदेचा पेला आपल्या फडताळात आहे, हे त्या बिचारीच्या गावीही नसायचं. आत्याच्या मात्र लक्षात असायचं, कारण ते नाव तिनेच घातलेलं असायचं.

जालन्यात मस्तगडला, एका चढाच्या वरच्या टोकाला तिचं भांड्यांचं दुकान होतं. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. नवरा लवकर गेला, लहानग्या गजाननला घेऊन ती माहेरी आली, भावाने दुकानाकडे पाठ फिरवली आणि ही गादीवर बसली ती बसलीच. माहेरची लेक, म्हणून साऱ्या गल्लीची आत्या. मी त्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि जवळच्या शाळेत मराठी शिकवायचे. नावं घालायचं मशीन दिवसभर खाली घुरघुरायचं. सुरुवातीला त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. पुढेपुढे मशीन बंद असलं की मी खाली डोकावायला लागले, म्हातारी बरी आहे ना म्हणून.

म्हातारी म्हटलेलं तिला चालत नसे, हे इथेच सांगून टाकते.

तिचा एक कायदा होता. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून तरी करतात. हा रिवाज सगळेच पाळतात, पण आत्या त्याची अंमलबजावणी करायची. तिच्याकडून डबा आला आणि आठवडाभरात परत गेला नाही, तर ती दारात उभी. रिकामा परत आला, तर ती तो घ्यायचीच नाही. लग्नाच्या भांड्यांवर 'सप्रेम भेट' घालून मागणारी गिऱ्हाइकं यायची. त्यांना ती घालून द्यायची, पण नाक मुरडून. "भेट दिली की देणारा मोकळा, घेणारा बी मोकळा," ती म्हणायची. "उसनं कसं, दोघांच्या बी ध्यानात ऱ्हातं."

गजानन फौजेत हवालदार झाला. त्याची पलटण शांतिसेनेत वर्षभरासाठी दक्षिण सुदानला जाणार असं ठरलं, तेव्हा आत्याने माझ्याकडे शाळेतला नकाशा मागितला. दुकानातल्या घंगाळावर तो पसरून मी त्या देशावर बोट ठेवलं. तिने बराच वेळ बघितलं.

"ऊन कसं असतं तिकडं?"

"आपल्यासारखंच. वर पाऊस जास्त."

"मंग काही न्हाई. आपल्यासारखंच हाय म्हंजे जमंल."

पहिल्या खेपेला काही जमलं नाही. तिने धपाटे पाठवले. धपाटे प्रवासात टिकतात, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक आईचं ठाम मत आहे, आणि जालन्याहून तुळजापूरला जाईपर्यंत ते खरंही आहे. हे पार्सल दिल्लीला गेलं, तिथे मुक्काम केला, फौजेच्या विमानाची वाट बघितली आणि मग कधीतरी समुद्रापलीकडे उतरलं. गजाननने फोन केला, "आई, एक नंबर झाल्ते धपाटे."

आत्याने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "फेकून दिले त्यानं."

"कशावरून?"

"जल्मापासून खाण्यात खोडी काढतो तो. मीठ कमी हाय, तिखट जास्ती हाय, काहीतरी नाव ठेवल्याबिगर घास उतरत न्हाई त्याचा. खाल्ले असते तर बोलला असता."

लेक खोटं बोलला याचं तिला वाईट वाटलं नाही. अन्न वाया गेलं याचा मात्र तिला अपमान वाटला. दुसऱ्याच दिवसापासून दुकानामागच्या पत्र्यावर परीक्षा सुरू झाली. पाठवायचा प्रत्येक पदार्थ आधी डब्यात भरून भर उन्हात तापल्या पत्र्यावर ठेवायचा, अमावस्येला ठेवला तर पुढच्या अमावस्येलाच उघडायचा. आणि परीक्षक मी. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण पोट कधी बिघडलं नव्हतं. तेही झालं. शेंगदाण्याची चटणी खवट निघाली. चिवडा सादळला. लाडवांचं काय झालं ते मी सांगत नाही, मुंग्यांना विचारा.

पास झाल्या बाजरीच्या, सांडग्यांसारख्या वाळवलेल्या खारोड्या, भाजक्या डाळ्याची चटणी आणि पहिल्या नंबराने येसर. आमच्याकडे लग्नघरी येसर केल्याशिवाय मांडव पडत नाही. धान्य आणि मसाले खमंग भाजून दळायचे, मग वर्षभर कधीही पाणी उकळा, दोन चमचे येसर सोडा, आमटी तयार. महिनाभर पत्र्यावर तापलेला येसरचा डबा तिने माझ्यासमोर उघडला तेव्हा वासानेच भूक लागली.

"हे काय बिघडतंय," ती म्हणाली. "आधीच भाजून निघालंय."

तिच्याबद्दल मी कितीही लिहिलं तरी या वाक्यापेक्षा जास्त काही सांगू शकेन असं वाटत नाही.

गजाननच्या कंपनीत जिल्ह्यातली आणखी काही पोरं होती. आत्याच्या पार्सलातली आमटी सगळ्यांनी ओरपली आणि ज्याच्या त्याच्या आईला फोन गेले. मग बाया येऊ लागल्या. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावरून एक आली. हसनाबादहून रुक्मिणबाई आली, पिशवीत खारोड्या घेऊन. तिचा विष्णू कंपनीत सगळ्यात लहान. रुक्मिणबाई बोलायला लागली की तिच्या बोलण्यात विष्णूशिवाय दुसरं नाम नसायचं. दर महिन्याला दुकानात या बायांची बैठक बसायची. डबे भरायचे, खोक्यात बसवायचे, वरून मांजरपाट घालून दाभणाने शिवायचं. "खोकं कुणी बी फोडतं," आत्या म्हणायची, "शिवणीला हात घालताना माणूस बिचकतं." मी वरचे पत्ते इंग्रजीत लिहायचे. एवढंच माझं काम, आणि तेही ती दोनदा वाचून घ्यायची.

डबे स्टीलचेच. पोस्टातल्या कारकुनाने तिला समजावलं, "आत्या, खाऊपेक्षा डबाच जड होऊन राह्यला. प्लास्टिकच्या बरण्या घ्या."

"जड हाय म्हणूनच परत येतंय. पिशव्या-बरण्या कुणी परत करतं का?"

प्रत्येक डब्यावर तिने स्वतःचं नाव घातलं होतं. कौसाबाई, मस्तगड, जालना. मी म्हटलं, आत्या, त्या पोरांची नावं घाला ना, बरं वाटेल त्यांना. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी शुद्धलेखनात नापास झालेल्या पोराकडे बघते.

"नाव मालकाचं असतंय, मास्तरीणबाई. डबा माझा हाय. त्यांना उसना दिलाय. घरी आले की ज्यानं त्यानं आणून द्यायचा. आपल्या हातानं. तसं सांगून ठेवलंय एकेकाला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या देशातल्या गोळीबारावर तिचं काही चालणार नव्हतं. तिथल्या पावसावर नाही, सरकारवर नाही. उसन्यावर मात्र तिचं चालत होतं. म्हणून तिने ती सगळी पोरं उसन्याने बांधून घेतली होती.

हा प्रकार गावात पसरल्यावर एक पुढारी फोटोवाल्याला घेऊन दुकानात आले. नवे कोरे डबे देतो म्हणाले, वर त्यांचा फोटो आणि 'वीर जवानांना सप्रेम भेट'. आत्याने त्यांना पाट दिला, चहा दिला आणि विचारलं, "परत घ्यायला तुम्ही बसणार का इथं?"

"परत कशाला घ्यायचे? भेट आहे ना."

"मंग न्हाई जमणार, साहेब. भेट दिली की माणूस मोकळा व्हतो. मला ही पोरं मोकळी सोडायची न्हाईत."

पुढाऱ्यांनी चहा संपवला. फोटोवाल्याने उगाच एका घागरीचा फोटो काढला आणि मंडळी गेली.

वर्ष सरलं, पलटण परतली आणि पोरं सुट्टीवर येऊ लागली. एकेक जण चढ चढून यायचा, पायऱ्यांवर बूट काढायचा, डबा पुढे ठेवायचा. अंकुशनगरच्या पोराने डबा साखरेने काठोकाठ भरून आणला. एकाने तिकडच्या कॉफीच्या बिया आणल्या. आत्याने सुपारीसारखी एक तोंडात टाकली आणि लगेच बाहेर जाऊन थुंकली, पण डबा पास केला. गजानन मात्र रिकामाच डबा घेऊन आला. "घरचाच तर हाय," म्हणाला. वर्षाने परदेशातून आलेल्या लेकाला तिने उंबऱ्याबाहेर उभं केलं. तो कोपऱ्यावरून बत्तासे घेऊन आला, तेव्हा कुठे त्याला आत घेऊन पोटाशी धरलं आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. आम्ही मशीनच्या आवाजाला इतके सरावलेलो, की तिच्या रडण्याचा आवाज आधी ओळखूच आला नाही.

एकच डबा राहिला होता, विष्णूचा.

पलटण परतायच्या थोडं आधी चिखलात गस्तीची गाडी उलटली होती. विष्णूचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याला आधी दिल्लीला आणि मग पुण्याला लष्कराच्या इस्पितळात ठेवलं. तिथे नवा पाय बसवला, त्यावर चालायला शिकवलं आणि घरी पाठवलं. हसनाबादला आल्यावर तो जो घरात शिरला तो बाहेर पडला नाही. ओसरीवर माणसं आली की आतल्या खोलीत जायचा. नवा पाय कोपऱ्यात ठेवून दिलेला.

एके दिवशी रुक्मिणबाई एसटीने आली. पिशवीतून डबा काढला. उलटलेल्या गाडीत विष्णूच्या सामानात होता, म्हणून एका अंगाने चेपला होता. आत तिने गूळ घातला होता. आत्याने डब्याकडे बघितलं, हात लावला नाही.

"इष्णू कुठंय?"

"घरी हाय. येत न्हाई तो कुठं. म्हणतो, असा कुणाच्या दारात उभा ऱ्हाणार न्हाई. म्हणून म्याच आणला, आत्या."

"ज्याला दिल्ता त्यानं आणावा."

"आत्या, त्याचा पाय..."

"ठावं हाय मला. एसटी येती ना हसनाबादला?"

रुक्मिणबाई डबा परत पिशवीत घालून रडत चढ उतरली. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले, आणि परत येऊन आत्याला नको नको ते बोलले. इतकी कठोर बाई मी पाहिली नाही, असंही बोलले. तिने मशीन सुरू केलं.

पुढे विष्णूचा बाप डबा घेऊन आला. त्यालाही तेच उत्तर. गजाननने फोनवर आरडाओरडा केला, "आई, तू तरी जाऊन ये त्याच्याकडं." मी म्हटलं, मी जाऊन आणते डबा, माझ्या हातात तर देईल तो. आत्या कुणालाच बधली नाही. उलट हसनाबादच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप सुरू केले. 'माझा डबा अडकलाय.' 'दुसरी पलटण तिकडं चाल्ली, डबा कमी पडून राह्यला, जल्दी आण.' छतापर्यंत डब्यांच्या उतरंडी लागलेल्या दुकानात बसून ती डबा कमी पडल्याचा निरोप पाठवत होती. त्या दिवसांत मी तिच्याशी बोलणंच सोडलं. मला खरंच वाटत होतं, की कायदा पाळता पाळता ही बाई माणूस विसरली.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. नंतर एकदा रुक्मिणबाई आली ती रिकाम्या हाताने.

"आत्या, त्यो इचारत व्हता."

"काय इचारत व्हता?"

"म्हातारीचं दुकान किती वर हाय म्हणून. पायऱ्या हायेत का म्हणून."

मी जिन्यात होते, तिथेच थांबले. म्हातारी म्हटलेलं आज आत्याने चालवून घेतलं. म्हणाली, "सांग त्याला, चढ हाय. पायऱ्या बी हायेत. धरायला काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर दुकानासमोर गवंडी बसलेला. दुकानाच्या वरच्या पायरीची फरशी कितीतरी वर्षं हलत होती. गिऱ्हाइकं अडखळायची, शिव्या द्यायची, आत्या म्हणायची, बघून चालावं माणसानं. ती फरशी आज सिमेंट घालून पक्की बसवणं चाललं होतं. आत्या कमरेवर हात देऊन उभी होती आणि गवंडी उठला की प्रत्येक वेळी स्वतः तिच्यावर पाय देऊन बघत होती.  संध्याकाळी मी खाली जाऊन चहा मागितला, आणि तिने आधण ठेवलं.

हरभरा भरला होता त्या दिवसांतली गोष्ट. शनिवार, शाळा सकाळची. दुपारी मी दुकानात बसले होते. आत्या कुणाच्या तरी लग्नाच्या ताटांवर नावं घालत होती. मी सहज रस्त्याकडे बघितलं आणि पाहतच राहिले. चढावरून एक पोरगा येत होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. चार पावलं टाकून थांबायचा, मग पुन्हा चालायचा. मी उठले.

"बसा, मास्तरीणबाई," आत्या म्हणाली. तिने मान वर केली नाही. मशीन चालूच होतं.

मी बसले. बसवत नव्हतं, पण बसले. तो पायऱ्यांशी आला. काठी वरच्या पायरीवर टेकवली, जरा दाबून बघितली. फरशी हलली नाही. मग तो वर आला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. त्याने पिशवीतून डबा काढून गादीसमोर ठेवला.

"आत्या, डबा."

मशीन थांबलं. "उशीर झाला."

"हाव. झाला."

तिने झाकण काढलं. आत ओला हरभरा होता, सोललेला. तिने दोन दाणे तोंडात टाकले.

"कुणी आणला?"

"म्याच. वावरातून उपटला. सोलला बी म्याच."

"कवळा हाय," ती म्हणाली. मग डबा फिरवून चेपलेली बाजू बघितली, तिच्यावरून अंगठा फिरवला. हरभरा तिने परातीत ओतला, डबा पुसला आणि येसर भरायला घेतलं.

विष्णू म्हणाला, "आता मला कशाला, आत्या? आता मी घरीच हाय. आन् द्यायचाच तर दुसरा द्या की. दुकान भरलंय. ह्याचं झाकण बी नीट बसत न्हाई."

"बसतंय. दाबून बसवावं लागतंय," तिने दोन्ही तळव्यांनी झाकण दाबलं, वरून सुतळी बांधली. "हा उसना हाय. पुढच्या महिन्यात परत पाह्यजे. त्या पलटणीची पार्सलं शिवायची हायेत. दाभण धरता येतं ना?"

"येतं."

"मंग जरा जल्दी येत जा. आज दुपार केली."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. काय सांगू, माझे डोळे भरून आले. तो पाणी प्यायला, डबा पिशवीत घातला, पिशवी खांद्याला अडकवली आणि काठी टेकत खाली उतरला. चढ उतरताना तो थांबला नाही. वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत आत्या गादीवरून बघत होती.

मग तिने पुढ्यातलं ताट उचललं. इतक्या वर्षांत तिच्या हातून भांडं वाया गेलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या ताटावर अर्ध्या नावापासून थेट काठापर्यंत लांब ओरखडा गेला होता.

"हात घसरला," ती म्हणाली.

"कधी?"

तिने हनुवटीने रस्त्याच्या खालच्या वळणाकडे दाखवलं. "तिथं दिसला, तवा."

पदराने तिने डोळे पुसले, नाक पुसलं. ओरखड्याचं ताट गादीमागे स्वतःच्या भांड्यांत ठेवलं, थप्पीतून नवं ताट ओढलं आणि मशीन सुरू केलं.